एसीतला गॅस कुठे जात होता

२७ मे २०२४ रोजी, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास सासूबाईंनी मला आतल्या खोलीतून हाक मारली आणि म्हणाल्या, "सूनबाई, याची नुसती हवा येऊन राहिली, गारवा नाही." नागपुरात त्या आठवड्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास होता. सासूबाईंचे वय ८२, मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बहुतेक वेळ पलंगावरच असतात, आणि दम्यामुळे कुलरची दमट हवा त्यांना सोसत नाही. त्यामुळे आमच्या घरात त्या एका खोलीतला एसी ही चैनीची गोष्ट नसून औषधांच्या डब्याइतकी गरजेची गोष्ट आहे. रिमोटवर २४ अंश लावलेले होते, एसीमधून हवाही जोरात येत होती, पण भिंतीवरचे तापमापक ३२ अंश दाखवत होते.

हा एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर पद्धतीचा, आर-३२ गॅसवर चालणारा. मार्च २०२१ मध्ये घेतलेला. मी एका सहकारी संस्थेत हिशेब पाहते आणि घरातल्या प्रत्येक यंत्राची खरेदी, दुरुस्ती व खर्च एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवते. त्या दुपारी मी ती वही काढली, आणि एसीच्या पानावरच्या नोंदी वाचताना मला जे दिसले ते खरे तर आधीच दिसायला हवे होते.

एप्रिल २०२३ मध्ये गारवा कमी झाला म्हणून गॅस भरला, २५०० रुपये. म्हणजे कारखान्यातून आलेला गॅस जवळजवळ पंचवीस महिने टिकला. सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा तक्रार, मात्र पुढे थंडी असल्याने दुरुस्ती लांबणीवर टाकली. हा दुसरा गॅस फक्त पाच महिने टिकला होता. १८ मार्च २०२४ रोजी पुन्हा गॅस भरला, २८०० रुपये. आता २७ मे, म्हणजे तिसरा गॅस जेमतेम दहा आठवडे. पंचवीस महिने, पाच महिने, दहा आठवडे. दोन्ही वेळा आलेल्या मेकॅनिकने सांगितले होते की गॅस वापरून वापरून संपतो, दर उन्हाळ्यात थोडा भरावाच लागतो, आणि मी दोन्ही वेळा त्यावर विश्वास ठेवला. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस संपतो तसा हाही संपत असेल, असे मनात कुठेतरी गृहीत धरलेले होते.

ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि तिच्यापायी अनेक घरांत दर वर्षी पैसे जातात, म्हणून थोडे थांबून सांगते. स्वयंपाकाचा गॅस जाळला जातो, एसीतला गॅस जाळला जात नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतल्या भागात, म्हणजे इनडोअरमध्ये, त्याचे द्रवाचे वाफेत रूपांतर होते आणि ते होताना तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या भागात, म्हणजे आउटडोअरमध्ये, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो पुन्हा द्रव होतो आणि आतली उष्णता बाहेर सोडतो. मातीच्या माठाचे पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच हे तत्त्व. फरक इतकाच की माठातले पाणी उडून जाते आणि एसीतला गॅस फिरून परत येतो. कारखान्यात भरलेला गॅस, नळ्या शाबूत असतील तर, यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी छिद्र आहे.

अर्थात हे सारे मला त्या दुपारी इतके स्पष्ट कळले नव्हते. वहीतले अंतर कमी होत चालले आहे एवढेच दिसत होते, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर रिकामी होणारी कोणतीही गोष्ट माझ्या कामाच्या सवयीने मला संशयास्पद वाटते.

पहिल्या दिवशी मी स्वतःला जमेल तेवढे तपासले. इनडोअरच्या जाळ्या काढून नळाखाली धुतल्या. त्या फारशा मळलेल्या नव्हत्या. आउटडोअर मागच्या गॅलरीच्या भिंतीवर, पश्चिमेच्या उन्हात आहे. त्याच्या मागच्या पत्र्यांवर शेजारच्या बांधकामाची धूळ बसली होती, ती मुख्य बटण बंद करून पाण्याच्या हलक्या धारेने काढली. त्याने दीड अंशाचा फरक पडला, पण तो तासाभरापुरताच. मग मी घड्याळ घेऊन गॅलरीत बसले. आउटडोअरचा पंखा आणि कॉम्प्रेसर १४ ते १५ मिनिटे चालत, मग बंद पडत, तीन-चार मिनिटांनी पुन्हा सुरू होत. तापमान गाठल्यावर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सहसा पूर्ण बंद न होता वेग कमी करतो. इथे तर खोली तापलेलीच होती आणि तरीही तो थांबत होता.

संध्याकाळी एसी बंद करून मी इनडोअरचे पुढचे झाकण उचलले आणि बॅटरीच्या उजेडात कॉइल, म्हणजे गॅस फिरतो तो पत्र्यांत बसवलेल्या नळ्यांचा संच, पाहिली. डाव्या हाताच्या एका कोपऱ्यात, साधारण वीतभर लांबीच्या पट्ट्यात, पांढरा बर्फ जमला होता. फ्रीजरच्या कडेला जमतो तसा भुसभुशीत, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो वितळू लागला होता. त्याच्या पलीकडचा कॉइलचा सगळा भाग कोरडा होता आणि बोट लावले तर खोलीइतकाच कोमट लागत होता. गॅस पुरेसा असला म्हणजे कॉइल सगळीकडून सारखीच गार व्हायला हवी. गॅस अपुरा असला की थोडासा द्रव कॉइलच्या तोंडाशीच उकळून जातो. तेवढा भाग शून्याखाली जाऊन गोठतो, आणि पुढच्या नळ्यांना गार करायला काही शिल्लकच राहत नाही. मार्चमध्ये इनडोअरमधून पाणी टपकत होते तेव्हा पाण्याची नळी तुंबली असे समजून ४०० रुपये देऊन ती साफ करून घेतली होती. ते पाणी तुंबलेल्या नळीचे नव्हते, याच बर्फाचे होते, हे आता कळले.

दुसऱ्या दिवशी एसी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून एक कर्मचारी आला. तोवर इनडोअरवर त्रुटीचा कोड दिसू लागला होता. त्याने कोड पाहिला, आउटडोअरचे झाकण उघडून दोन तारा हलवल्या आणि पीसीबी, म्हणजे एसीचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, गेल्याचे सांगितले. नव्या पीसीबीचा अंदाज ९८०० रुपये. मी माहितीपुस्तिका काढून त्याच्यासमोर ठेवली. तीत त्या कोडचा अर्थ कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचे तापमान मर्यादेबाहेर गेले असा दिला होता. त्यावर तो म्हणाला, की तापमान मोजणाराही पीसीबीच असतो. मी त्याला नम्रपणे विचार करून सांगते म्हटले आणि पाठवले. त्याच्याबद्दल मला राग नाही. दिवसाला दहा-बारा घरे उन्हात फिरून करायची असतील तर कुणीही सुटा भाग बदलण्याच्याच वाटेने जाईल. पण पीसीबी बदलला असता तरी वीतभर बर्फ तसाच राहिला असता. उलट, कॉम्प्रेसर गरम होण्याचे कारणही तेच होते. परत येणाऱ्या थंड वायूमुळेच कॉम्प्रेसरचे तापमान आटोक्यात राहते. तो वायू कमी आणि कोमट आला की कॉम्प्रेसर तापतो, आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. पीसीबी आपले काम चोख करत होता.

त्या रात्री सासूबाईंना हॉलमध्ये आणले, कुलर दूर खिडकीशी ठेवला आणि पंप बंद करून नुसता पंखा चालवला. रात्री दोन वाजता त्यांना धाप लागली. वाफारा दिल्यावर पहाटे त्यांचा डोळा लागला. माझे पती नोकरीनिमित्त चंद्रपूरला असतात; फोनवर ते नवीन एसी घेऊन टाक म्हणाले. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण कारण न कळता घेतलेला नवा एसीही त्याच भिंतीवर लागणार होता.

आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने एका तरुण मेकॅनिकचे नाव सुचवले आणि सांगितले, की तो महाग आहे पण नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन येतो. ३० मे रोजी तो आला. त्याने आधी मला वही वाचायला लावली, मग कॉइलवरचा बर्फ पाहिला आणि म्हणाला, "काकू, गॅस भरून पाहिजे तर आत्ताच भरून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तो टिकणार नाही जी. आधी गळती शोधू द्या, मंग भरू." गळती शोधू द्या हे शब्द दोन उन्हाळ्यांत मी पहिल्यांदा ऐकत होते.

पाण्यात साबण घट्ट कालवून त्याने आउटडोअरजवळच्या दोन्ही फ्लेअर नटांवर लावला आणि पाच मिनिटे नुसता पाहत बसला. तांब्याची नळी टोकाशी कर्ण्यासारखी पसरवून पितळी नटाने आवळतात, तो हा सांधा. बसवताना तो वाकडा पसरला किंवा कमी आवळला तर तिथून गॅस जातो, आणि घरगुती एसीत गळतीची पहिली शंका याच सांध्यांवर घेतात. बुडबुडा आला नाही, आणि तेलाचा डागही नव्हता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही नळ्यांतून फिरत असते. छिद्रातून गॅस गेला की तेल मागे उरते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून असा तेलकट डाग साबणाच्या आधी शोधायचा असतो, हे त्याने मला दाखवून दिले. इनडोअरच्या मागचे नटही त्याने उघडे करून तपासले. तेही कोरडे.

मग त्याने उरलेला गॅस बाहेर काढायचे ठरवले. मी विचारले, की आउटडोअरमध्येच गॅस ओढून घेऊन झडपा बंद करता येतात असे ऐकले आहे, ते सोपे नाही का? तो म्हणाला, "गळती असताना तसं करत नसते काकू. कॉम्प्रेसर छिद्रातून हवा आत ओढते. आत तेल, गॅस अन् हवा एकत्र दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकते." आर-३२ हा सौम्य ज्वलनशील गटातला वायू आहे. त्याला वास नसतो, त्यामुळे हळूहळू गळत असला तरी घरात कुणाला कळत नाही. सासूबाई त्या खोलीत झोपतात म्हणून मी काळजीने विचारले. एवढ्या मोठ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झिरपणाऱ्या पाचेकशे ग्रॅमने पेट घेण्याइतकी दाटी होत नाही, असे त्याने सांगितले. काम चालू असताना मात्र खिडक्या उघड्या हव्यात आणि ज्योत नको, हे त्याने बजावले. त्या खोलीतच आमचे देवघर आहे. सासूबाईंची परवानगी घेऊन मी नीरांजन शांत केले.

एका छोट्या यंत्राने त्याने गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि सिलिंडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. ३१० ग्रॅम भरला. आउटडोअरच्या पट्टीवर कारखान्याचा आकडा ८०० ग्रॅम असा कोरलेला होता. या काट्याने मला फार समाधान दिले, कारण एसीच्या बाबतीत कुणी काही मोजून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. मार्चमधला गॅस आधीच्या मेकॅनिकने गेजच्या, म्हणजे दाबमापकाच्या, सुईकडे पाहून भरला होता. सुई १३० वर आली, झाले. पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, वेगाबरोबर दाबही बदलतो, आणि बाहेरच्या उन्हाचाही त्यावर परिणाम होतो. त्यामुळे सुईवरून किती ग्रॅम आहे हे सांगता येत नाही. मार्चमध्ये एसीत खरोखर किती गॅस होता हे न मोजल्यामुळे दहा आठवड्यांत नक्की किती गेला याचा हिशेब मी आजही पूर्ण करू शकत नाही. ती जागा वहीत रिकामी आहे.

नंतर त्याने नळ्यांमध्ये नायट्रोजन भरला. नायट्रोजन कोरडा, न जळणारा आणि स्वस्त. म्हणून दाब देऊन पाहायला तो वापरतात. संध्याकाळी साडेपाच वाजता सुई ३५० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे माप) थांबवून त्याने सिलिंडरची झडप बंद केली, गेज तसाच लावून ठेवला आणि उद्या सकाळी लवकर येतो म्हणाला. जाताना एक गोष्ट सांगून गेला: "सकाळी सुई दहा-पंधरा खाली दिसली तर घाबरू नका, ती थंडीनं उतरते. जास्त उतरली तर समजा आपला चोर आतच आहे."

रात्री मला झोप कमीच लागली. दर दोन तासांनी बॅटरी घेऊन गॅलरीत जात होते. संध्याकाळी ४३ अंश होते, पहाटे सहाला ३१. थंड झाला की बंद जागेतल्या वायूचा दाब घटतो, आणि या फरकाने ३५० ची सुई साधारण ३३६ पर्यंत यायला हवी असे मी शाळेतल्या सूत्राने काढले. सहा वाजता सुई २९८ वर होती. चौदा थंडीचे, उरलेले अडतीस छिद्राचे.

सकाळी येऊन त्याने इनडोअर आणि आउटडोअर वेगळे केले, प्रत्येकाला टोपणे लावून स्वतंत्र दाब दिला. आउटडोअरची सुई दीड तास हलली नाही. मधल्या नळ्याही ठीक. इनडोअरची सुई पाऊण तासात सात पीएसआय उतरली. म्हणजे शोध कॉइलपर्यंत येऊन पोचला. त्याने इनडोअर भिंतीवरून उतरवून कॉइल सुटी केली. ती पाण्यात बुडवायची तर एवढे मोठे भांडे कुठून आणायचे, असा प्रश्न आला. शेवटी गच्चीवर पडून असलेल्या आमच्या जुन्या मोठ्या कुलरची पत्र्याची टाकी खाली आणली, धुतली आणि मोरीत ठेवून काठोकाठ भरली.

कॉइल पाण्यात गेल्यावर आधी पत्र्यांत अडकलेली हवा भसाभस वर आली. ती थांबायला पाच मिनिटे लागली. मग पाणी शांत झाले आणि आम्ही तिघे, तो, त्याचा मदतनीस आणि मी, टाकीभोवती उकिडवे बसून पाहू लागलो. कॉइलच्या डाव्या टोकाला नळ्या एकीतून दुसरीत वळतात, इंग्रजी यू अक्षरासारख्या. तिसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूने मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, क्षणभर चिकटून राहिला आणि सुटून वर आला. मी मनात आकडे मोजले. चार म्हणेपर्यंत दुसरा आला. मग त्याच ठिकाणाहून तिसरा. दोन उन्हाळे, ५३०० रुपयांचा गॅस आणि कितीतरी तगमगीच्या दुपारी त्या मोहरीएवढ्या वाटेने गेल्या होत्या. खरे तर छिद्र मोहरीएवढेही नव्हते. कॉइल पुसून भिंग लावले तरी ते दिसेना. थोड्या वेळाने शेजारच्या वळणावरही एक अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला.

त्या दोन्ही वळणांवरचे तांबे काळे पडले होते. भांड्याला धुराने काजळी धरते तसे नाही. चिकट, जरासे निळसर काळे, आणि एका जागी हिरवट पापुद्रा. त्याने नखाने खरवडून दाखवले. "नाल्याकडच्या घरी हेच दिसते काकू. नाल्याचा जो वास येते ना, तोच तांबं खाते." आमच्या इमारतीच्या मागे, काही अंतरावरून एक नाला जातो आणि पुढे नाग नदीला मिळतो. सांडपाणी कुजले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. तो ओलाव्याबरोबर तांब्यावर बसला की तांब्याचे काळे सल्फाइड होते. एसीची कॉइल दिवसाचे कित्येक तास ओली असते आणि खोलीतली सारी हवा पुन्हा पुन्हा तिच्यावरूनच जाते, त्यामुळे घरातल्या इतर कोणत्याही तांब्यापेक्षा तिला हा वायू जास्त लागतो. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर निळा गंजरोधक थर असतो, पण टोकाची तांब्याची वळणे उघडीच असतात.

हे ऐकत असताना माझी नजर देवघराकडे गेली. सासूबाईंचे चांदीचे नीरांजन मी दर पंधरा दिवसांनी घासते आणि ते दर पंधरा दिवसांनी काळे पडते. लग्नानंतर जुन्या घरात ते सणासुदीलाच घासावे लागत असे. इथे आल्यापासून कापराच्या धुराने होत असेल असे मी समजत होते. चांदीही याच वायूने काळी पडते. पाच वर्षे ते नीरांजन मला रोज या खोलीतल्या हवेबद्दल सांगत होते, आणि मी ते चिंच लावून पुसून टाकत होते.

छिद्र ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेला धातू भरून, बुजवता येते का, हे मी विचारले. येते, ८०० रुपयांत, असे तो म्हणाला. पण ज्या वळणांना हा रोग लागला आहे तिथे आज दोन छिद्रे आहेत, सहा महिन्यांनी आणखी दोन होतील. म्हणून नवी कॉइल घेण्याचे ठरवले. ती मिळायला तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस सासूबाईंनी माझ्या नणंदेकडे काढले. ७४०० रुपये कॉइलचे आणि नायट्रोजन, व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा काढून घेणे), गॅस व मजुरी मिळून ४६०० रुपये, असे एकूण १२००० झाले. वळणांवर त्याने गंजरोधक लेप फवारून दिला आणि तो पूर्ण वाळेपर्यंत कॉइल बसवली नाही.

नवी कॉइल बसल्यावर पुन्हा नायट्रोजन, पुन्हा रात्रभर वाट पाहणे. या वेळी सकाळी सुई ३३७ वर होती. मग व्हॅक्यूम पंप. आधीचे दोन्ही मेकॅनिक थोडा गॅस नळीतून सोडून हवा बाहेर काढत आणि लगेच भरत; याने पंप ४५ मिनिटे चालवला. नळ्यांत उरलेली हवा दाब वाढवते, आणि ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो, हेच कॉम्प्रेसरच्या मुळावर येते. छोट्या डिजिटल मापकावर आकडा ४८० मायक्रॉनपर्यंत उतरला (आकडा जितका कमी तितकी नळ्यांत उरलेली हवा कमी), पंप बंद केल्यावर दहा मिनिटांत ६१० वर जाऊन तिथेच थांबला. तो वाढतच राहिला असता तर गळती किंवा ओलावा आहे असे समजायचे. त्यानंतर सिलिंडर काट्यावर ठेवून त्याने बरोबर ८०० ग्रॅम गॅस आत सोडला. आमच्या नळ्यांची लांबी कमी असल्याने वर काही लागले नाही. शेवटच्या पन्नास ग्रॅमला तो झडप अगदी दोराएवढी उघडत होता.

त्या दुपारी खोलीतून एसीत जाणारी हवा ३१ अंश आणि बाहेर येणारी १७ अंश होती. आधी हा फरक पाच अंशांचा होता. मी बर्फ पाहायला झाकण उचलले. कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच गार लागली. विजेच्या मीटरवर आधी त्या एसीचे दिवसाला सुमारे १३ युनिट पडत होते, आणि खोली तरी गार होत नव्हती; आता २६ अंशांवर, तेवढ्याच तासांना, आठ युनिटांच्या आत भागू लागले.

एक प्रश्न मात्र उरला होता. नाला तर इमारतीपासून बराच लांब आहे, मग आमच्याच खोलीत एवढा वायू कसा? मी शेजारी चौकशी केली. मागच्या बाजूच्या आठ घरांपैकी पाचांमध्ये दोन वर्षांत एकाहून जास्त वेळा गॅस भरलेला होता; रस्त्याकडच्या आठांपैकी फक्त एकात. आमच्या खिडकीच्या अगदी खाली आमच्याच सोसायटीच्या सांडपाण्याचे चेंबर आहे, आणि त्याचे झाकण कोपऱ्यात तुटलेले होते, हे मी रोज पाहूनही पाहिले नव्हते. जूनच्या बैठकीत मी वही आणि जुनी कॉइल दोन्ही घेऊन गेले. काळी वळणे सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. पंधरा दिवसांत चेंबरला घट्ट झाकण बसले आणि वायू बाहेर पडण्याची नळी गच्चीपर्यंत वर नेली गेली.

मार्च २०२५ मध्ये उन्हाळ्याआधीची साफसफाई करायला तोच मेकॅनिक आला. नीरांजन तोवर दोन-दोन महिने पांढरे राहू लागले होते. त्याने कॉइल धुतली, वळणांवर बॅटरी फिरवून पाहिले, नटांवर साबण लावला आणि दोन तापमापके लावून वीस मिनिटे थांबला. आत जाणारी हवा ३० अंश, बाहेर येणारी साडेसोळा. मी गेज लावून पाहणार नाही का असे विचारले. "कशाला काकू? नळी लावली की काढताना थोडा गॅस जातेच. आकडे बरोबर आहेत तर त्याला हात नाही लावायचा." सहाशे रुपये घेऊन, गेजची पेटी न उघडताच तो निघाला.